जुनी गाडी फाटकावर का बंद पडते : आयडलचा दोष घरच्या घरी शोधण्याची रीत

मे महिन्यातली दुपार होती. धरणगावकडे जाताना रेल्वेचं फाटक पडलं. पुढे केळीने भरलेला ट्रक, मागे रिक्षा, आणि मागच्या सीटवर आई. उन्हामुळे एसी बंद करायची सोय नव्हती. गाडी न्यूट्रलमध्ये घेतली तशी स्टिअरिंग थरथरायला लागली, आरसा हलायला लागला, इंजिनाने दोनदा उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. फाटक उघडेपर्यंत चार वेळा सेल मारावा लागला. त्या १९९७ सालच्या, कार्बोरेटरच्या, तिसऱ्या हाताच्या लहान गाडीने पुढचे दोन महिने मला असंच छळलं.

पहिल्या गॅरेजात प्लग आणि प्लग वायरी बदलल्या. काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजात स्क्रू फिरवून स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग (हाच आयडल), वाढवून दिला. गाडी बंद पडायची थांबली, पण क्लच सोडला की स्वतःहून पळायला लागली, उतारावर इंजिनाचा ब्रेक लागेना आणि पेट्रोल भरपूर प्यायला लागली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोनेट उघडून आधी काहीच खोललं नाही, नुसते कान देऊन उभे राहिले. मग ब्रेक बूस्टरला (इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला) जाणाऱ्या जाड रबरी पाइपखाली बोट घातलं आणि म्हणाले, “पाइप फाटेल शे, भो.” म्हणजे पाइप फाटलाय. वरून तो पाइप धडधाकट दिसत होता. खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी शेजारी, नखाएवढी चीर होती. बोट तिच्यावर टेकवलं की इंजिन शांत, उचललं की थरथर. ते दृश्य मी विसरलेलो नाही. त्या पाइपची किंमत आधी घातलेल्या पैशांपुढे काहीच नव्हती.

म्हणून हा लेख लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या अजून रोज धावतात. शेतावर, बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात त्याच जातात. आयडल बिघडला की सुटे भाग बदलत सुटायचं नाही आणि स्क्रू फिरवून आजार झाकायचा नाही. क्रमाने शोधायचं. बहुतेक वेळा दोष स्वस्तातला निघतो.

आयडल म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं

रेसवरून पाय काढला की थ्रॉटलची चकती, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची झडप, जवळजवळ बंद होते. तरी इंजिन चालू राहायला थोडी हवा, थोडं पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी लागते. चकती बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (चकतीपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो. या वेळी इंजिनाच्या पोटात जाणारा हवेचा घास अगदी लहान असतो, त्यामुळे बारीकशा चिरेतून शिरलेली आगंतुक हवाही त्याचा मोठा हिस्सा होऊन बसते. रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना हीच चीर जाणवतसुद्धा नाही. रस्त्यावर छान पळणारी गाडी फाटकावर का मरते, त्याचं उत्तर इथे आहे.

पेट्रोल गाडीचा गरम इंजिनावरचा आयडल साधारण ७०० ते ९०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान असतो. सकाळी थंड इंजिनावर तो ११०० ते १५०० पर्यंत चढतो आणि इंजिन तापलं की खाली येतो. हे चढणं-उतरणं ठीकच आहे. आपल्या गाडीचा नेमका आकडा बोनेटच्या आतल्या स्टिकरवर किंवा मालकाच्या पुस्तकात असतो. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नसेल तर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर बघता येतो, आणि तोही चालत नसेल तर मिस्त्रीकडच्या टॅकोमीटरवर एकदा मोजून तो आवाज कानात बसवून घ्या.

आधी चार दिवस नुसती नजर ठेवा

पाना हातात घेण्याआधी एक वही घ्या. गाडी कधी बिघडते ते लिहा : सकाळी पहिल्या सेलला, तापल्यावर, एसी लावल्यावर, की दिवसभर सारखी. यातच अर्धं निदान होतं.

थंड असताना ठीक आणि तापल्यावर थरथरत असेल, तर मिश्रण पातळ होत असण्याची शक्यता मोठी. थंड इंजिनाला चोक किंवा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे बाहेरून शिरलेली हवा झाकली जाते. चोक सुटला की ती उघडी पडते. माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं आणि मी वही लिहिली असती तर दोन महिने वाचले असते.

काटा वरखाली झोके खात असेल, म्हणजे ७०० वरून १३०० आणि परत खाली, तर त्याला गॅरेजात हंटिंग म्हणतात. तिथे हवेची गळती किंवा आयडलची मोटर बघायची. आयडल सतत वर अडकून राहत असेल तर रेसची केबल ताणलेली आहे का, थ्रॉटल पूर्ण बंद होतोय का आणि तापमानाचा सेन्सर खरं सांगतोय का, हे बघायचं. एकसारख्या तालात धक्के बसत असतील तर एक सिलिंडर मिसिंग आहे, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. मारुती ८०० सारख्या ३ सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनात एक सिलिंडर गेला की तिसरा हिस्सा ताकद जाते आणि सगळी गाडी हलते. अर्थात, ३ सिलिंडरचं इंजिन चांगलं असतानाही चार सिलिंडरपेक्षा जास्तच थरथरतं. आरपीएम अगदी स्थिर आहे आणि तरी केबिन हलतेय, तर दोष इंजिन माउंटिंगच्या खचलेल्या रबरात शोधा.

अजून एक फुकटचं साधन : पीयूसीची चिठ्ठी. त्यावर आयडलचे सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. सीओ जास्त म्हणजे मिश्रण जाड, पेट्रोल जादा. सीओ कमी पण एचसी खूप जास्त, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. हे मिसिंग ठिणगीचं असेल किंवा मिश्रण फार पातळ झाल्याचं. केंद्रावर खरी तपासणी करायला लावा आणि जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, चाकांखाली दगड. बंद पडवीत किंवा गोडाऊनमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. ओढणी, उपरणं, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

सामान फार लागत नाही : पान्यांचा संच, प्लग पाना, साधा मल्टिमीटर, फिलर गेज, टॉर्च, फवाऱ्याची बाटली, थ्रॉटल क्लीनरचा डबा आणि हातभर रबरी नळी.

हवेपासून सुरुवात

पहिलं काम एअर फिल्टर. आपल्याकडे कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच तो भरतो. काळ्या मातीची बारीक धूळ असतेच, आणि कपाशीच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास वावरणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर रुईच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसतो. फिल्टर काढून उन्हाकडे धरा, उजेड आरपार दिसला पाहिजे. दिसत नसेल तर बदला, झटकून परत बसवू नका. फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा आहेत ना, हेही बघा. एक क्लिप तुटलेली असली की धूळ कडेने थेट आत जाते.

मग गळती. इंजिन चालू ठेवून हातभर नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डभोवती हळूहळू फिरवा. फुसफुस ऐकू आली तिथे थांबा. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे सोडणाऱ्या झडपेचा) पाइप, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी, एसीच्या आयडल-अपची (एसी लावल्यावर आयडल वाढवणाऱ्या जोडणीची) नळी, न वापरलेल्या टोकांवरच्या रबरी टोप्या, सगळं बघा, आणि प्रत्येक पाइप खालून बोटाने चाचपा. इथल्या उन्हात रबर कडक होतं आणि वाकलेल्या जागी, क्लिपच्या कडेला तडकतं. तिथे डोळा पोचत नाही.

त्यानंतर फवारा : पाण्यात थोडा साबण मिसळून संशयाच्या जागी, विशेषतः मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर, बारीक शिंतोडा मारा. पाणी आत ओढलं गेलं तर क्षणभर गळती बुजते आणि आवाज बदलतो. प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर यांच्यावर पाणी जाऊ देऊ नका. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. गरम सायलेन्सरवर ते पेट घेऊ शकतं. साबणाच्या पाण्याने काम होत असताना हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही.

ब्रेक बूस्टरची वेगळी परीक्षा अशी : पाइपला फडकं गुंडाळून पक्कडीने क्षणभर दाबा. इंजिनाचा चेहरा बदलला तर दोष त्या पाइपच्या पुढे, म्हणजे बूस्टरच्या बाजूला आहे. पेडलही कडक लागत असेल तर बूस्टरच गळतोय, आणि मग हा प्रश्न आयडलचा राहिला नाही, ब्रेकचा झाला. तो आजच्या आज दुरुस्त करा.

इथे एक बारकावा समजून घ्या. कार्बोरेटरच्या गाडीत गळती असली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन मरतं. हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीतही तसंच, कारण चोरवाटेने आलेली हवा सेन्सरच्या हिशेबात येत नाही. पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्याला जास्तीची हवा दाबाच्या रूपाने कळते, तो पेट्रोलही वाढवतो आणि आयडल खाली न जाता वर चढतो किंवा झोके खातो. म्हणजे एकाच चिरेची दोन गाड्यांत दोन उलटी लक्षणं. “आमच्या गाडीचा आयडल तर वाढलाय, मग गळती कशी असेल?” असा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. त्याचं उत्तर हे.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. खुळखुळ वाजला तर ठीक, मुका असेल तर चोंदलाय.

आणि उंदीर. चाऱ्याच्या वळईजवळ किंवा कापूस भरलेल्या घरालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत ते हमखास शिरतात. कुरतडलेली व्हॅक्यूम नळी किंवा सेन्सरची वायर बाहेरून दिसत नाही, पण लेंड्या आणि कापसाचे गोळे दिसतात. ते दिसले की प्रत्येक वायर हाताखालून काढा.

ठिणगी

प्लग काढताना ज्या सिलिंडरचा जो, त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण चांगलं आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जादा. ओलसर, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन जादा गरम. तीन प्लग तपकिरी आणि एकच पांढरा असेल, तर बहुधा त्या एका सिलिंडरजवळच्या सांध्यातून हवा शिरतेय, पुन्हा तिथे जा. प्लगचा गॅप गाडीनुसार साधारण ०.७ ते १.१ मिमी असतो. पुस्तकातला आकडा बघून फिलर गेजने मोजा, अंदाजाने ठोकू नका.

प्लग वायरी रात्री पूर्ण अंधारात बघा. इंजिन चालू, टॉर्च बंद. तडकलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या हेडकडे उडताना दिसतात. त्या वेळी हात लावू नका.

मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे ते शोधायला एमपीएफआय गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो) एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. ज्याचा काढल्यावर इंजिन आणखी डळमळतं तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच आजारी. यासाठी चालू इंजिनावर प्लगच्या टोप्या उपसायची सवय वाईट : जोरदार शॉक बसतो, कॉइल जळू शकते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं.

बॅटरीही इथेच बघून घ्या. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आयडलला लाइट पिवळे पडत असतील तर अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरीपासून बॉडीला व इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या तपासा. पट्टीचं टोक हिरवं पडलं असेल तर खरवडून, घट्ट आवळून बसवा.

थ्रॉटल बॉडी आणि आयडलची मोटर

एमपीएफआय गाडीत हवेची गळती नाही, ठिणगी ठीक आहे, तर आता इथे या. फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढला की थ्रॉटलची चकती दिसते. तिच्या कडेला काळ्या डिंकासारखा थर बसलेला असतो. आयडलला हवा त्याच केसाएवढ्या फटीतून जाते, त्यामुळे हा थर वाढला की गाडी सिग्नलला मरायला लागते.

इंजिन बंद, चावी काढलेली, थ्रॉटल क्लीनर सुती फडक्यावर घेऊन चकती आणि तिच्या मागची भिंत पुसून काढा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका. केबलचा थ्रॉटल असेल तर दुसऱ्याने रेस दाबून धरली तरी चालेल. केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात.

थ्रॉटल बॉडीवर एक बारीक स्क्रू दिसेल, बहुतेक वेळा त्यावर रंगाचा ठिपका असतो. तो चकती कुठे टेकावी हे ठरवतो आणि कारखान्यातून बसवून येतो. तो स्लोचा स्क्रू नव्हे. तो फिरवला की थ्रॉटलच्या जागेचा सेन्सर चुकीचं सांगायला लागतो आणि पुढचा प्रत्येक मिस्त्री गोंधळतो. तुमच्या जुन्या गाडीत त्या ठिपक्याचा रंग तुटलेला असेल, तर तुमच्या आधीच कोणीतरी तो फिरवलाय हे समजून चला.

आयडलची मोटर, म्हणजे आयएसी व्हॉल्व्ह, बहुधा दोन-तीन स्क्रूंवर थ्रॉटल बॉडीलाच बसलेली असते. काढून टोक आणि तिची खाच साफ करा, सील बघा. टोक हाताने आतबाहेर ओढू नका.

हे केल्यावर, किंवा बॅटरी काढून लावल्यावर, पहिले काही किलोमीटर आयडल वेडावाकडा राहतो. कॉम्प्युटर जुन्या घाणेरड्या फटीचा हिशेब विसरून नवा शिकत असतो. सगळं बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं आयडलला चालू ठेवा, मग एसी लावून पाच मिनिटं, मग एक चक्कर. काही मॉडेलना स्कॅनरवरूनच शिकवावं लागतं.

स्कॅनर

साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर चालतो. त्याआधीच्या गाड्यांशी तो बोलेलच असं नाही, तिथे गॅरेजचा स्कॅनर लागतो. स्कॅनरने दाखवलेला दोषाचा कोड वाचून लगेच सेन्सर विकत घ्यायला धावू नका. इंधन दुरुस्तीचा आकडा, म्हणजे फ्युएल ट्रिम, बघा : कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते त्यात दिसतं. उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला तोच उतरून ५ वर आला, तर हवेची गळती. आरपीएम वाढवल्यावर उलट वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय : फिल्टर चोंदला असेल किंवा पंप थकला असेल.

कार्बोरेटरची गाडी

या अजूनही गावोगाव आहेत आणि मला त्यांच्याविषयी फार माया आहे, कारण त्या स्वतःच्या हाताने बऱ्या करता येतात.

चावी फक्त ऑन करा आणि कार्बोरेटरजवळ कान द्या. आयडलचं पेट्रोल बंद-चालू करणारा सोलेनॉइड असेल तर तो ‘टक’ वाजतो. वाजला नाही तर त्याची वायर बघा. ही वायर सुटलेली असली की गाडी रेसवर चालते आणि पाय काढला की ताबडतोब मरते. किती तरी कार्बोरेटर या एका वायरीपायी विनाकारण खोलले गेलेत.

वायर ठीक असेल तर स्लो जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) काढून हवेने फुंका. त्याचं भोक इतकं बारीक असतं की टाकीतल्या गंजाचा एक कण पुरतो. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेलाच.

सेटिंग शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, एसी बंद. मिक्स्चरचा स्क्रू हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा, आवळू नका, सुईला खड्डा पडतो. मग दोन-अडीच फेरे बाहेर आणा आणि इंजिन चालू करा. पाव-पाव फेरा फिरवत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि गुळगुळीत चालतं ती जागा शोधा. आता स्लोच्या स्क्रूने आरपीएम पुस्तकातल्या आकड्यावर आणा. परत मिक्स्चर, परत स्लो. दोन-तीन वेळा केलं की बसतं. मिक्स्चर फिरवून इंजिनावर काहीच परिणाम होत नसेल तर सेटिंग थांबवा : एक तर जेट चोंदलाय, नाही तर हवा गळतेय, नाही तर आधीच्या कोणी स्लो इतका वाढवलाय की आयडलची वाट वापरातच नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, गाडी गचके देऊन थांबते आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. पंपावर ओलं फडकं ठेवायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय बरोबर आहे. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब बांधणे आणि मधला उष्णतेचा पत्रा कोणी काढून फेकला असेल तर परत बसवणे.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा या गाड्यांशी थेट संबंध आहे. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. एमपीएफआय गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे तेच सेटिंग आता पातळ पडतं. मिक्स्चर थोडं जाड करून घ्यावं लागतं. जुने रबरी पाइप आणि डायफ्रामही इथेनॉलने फुगतात, ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

फक्त एसी लावल्यावर मरत असेल

कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिनावर ओझं येतं आणि आयडल-अपने आरपीएम थोडे वाढायला हवेत. कार्बोरेटरच्या गाडीत हे काम व्हॅक्यूमची टोपी आणि एक सोलेनॉइड करतात, एमपीएफआयमध्ये कॉम्प्युटर. एसीचं बटण दाबून बघा : आरपीएम सावरत नाहीत म्हणजे आयडल-अप मेलाय किंवा त्याची नळी तुटलीय.

पण आयडल-अप चांगला असूनही गाडी मरते, तेव्हा पुढून जाळीत वाका आणि कंडेन्सर बघा. रुई, धूळ आणि किडे यांचा थर बसून त्याचे पत्रे बुजलेले असतात. उष्णता बाहेर जात नाही, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जड होतो आणि इंजिनाला दाबून टाकतो. पाण्याच्या हलक्या धारेने तो धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात. कंडेन्सरचा पंखा एसी लावताच फिरतो ना हे बघा. एसीत गॅस जादा भरला असेल तरी हेच होतं.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आपल्या भागात हा प्रकार इतका आहे की वेगळा लिहावा लागतोय. इंजिन गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकतात. तेव्हापासून पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन पूर्ण तापतच नाही, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा धुळ्याला पारा एकेरी आकड्यात येतो. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे. तो आयडल वर ठेवतो, पेट्रोल जादा देतो, प्लग काळे पडतात आणि मग लोक प्लगला दोष देतात. तापमानाचा काटा हायवेवर नेहमी खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट आहे की नाही ते आधी विचारा. नवा बसवा. इंजिन गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा आणि कूलंट दुरुस्त करायचे असतात.

थर्मोस्टॅट आहे आणि तरी तीच लक्षणं असतील तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर मोजा. बहुतेक गाड्यांत २० अंशाला त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास असतो. गरम इंजिनावरही हजारांतच राहिला तर तो बाद.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर

टॅपेट तपासून घ्या. व्हॉल्व्हचा गॅप कमी झाला की तो पूर्ण बसत नाही आणि आयडलला मिसिंग येतं. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत हे लवकर होतं, कारण व्हॉल्व्हची बैठक झिजून गॅप आवळत जातो, आणि आवाज वाढायच्या ऐवजी उलट कमी होतो, त्यामुळे कळत नाही. गॅसच्या गाडीत पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी परीक्षा घ्या. फक्त गॅसवर बिघडत असेल तर किट बघा, इंजिन खोलू नका.

मग कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढून, रेस पूर्ण दाबून, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून प्रत्येक सिलिंडर मोजा. एकमेकांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे काम जाणत्या मिस्त्रीचं आहे, पण तुम्ही त्याच्याकडे वही घेऊन जाल : काय तपासलं, काय निघालं, कुठला सिलिंडर. त्याचे दोन दिवस आणि तुमचे पैसे वाचतील.

डिझेल गाडीचं सगळं वेगळं. तिथे आधी डिझेल फिल्टर आणि पाइपात शिरलेली हवा बघा, मग इंजेक्टर.

जुनी गाडी घ्यायला गेलात तर

विकणारे बहुतेक प्रामाणिक असतात, पण वाढवलेला स्लो बऱ्याच गाड्यांत असतो आणि मालकाला स्वतःलाच ठाऊक नसतं. पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. ते गार असलं पाहिजे. थंड सेल तुमच्यासमोर मारायला लावा, आयडल चढून पाच-दहा मिनिटांत उतरतो का बघा. मग लाइट, ब्लोअर, एसी चालू करून, पॉवर स्टिअरिंग असेल तर ते पूर्ण वळवून धरा आणि रेसला पाय लावू नका. इंजिन क्षणभर दबून सावरलं पाहिजे. नंतर एक चक्कर मारून या आणि सपाट रस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता क्लच सोडा : गाडी माणसाच्या चालीने सरकली तर ठीक, ओढ लागल्यासारखी पळाली तर स्लो वाढवलेला आहे. बोनेट आधीच गरम लागलं तर चहा घ्या, बोलणी लांबवू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत या.